डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता लायसन्सचं काय? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधार, पॅन, दाखले, सगळंच चालतं. पण निम्मी गर्दी सारथी पोर्टलची, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सची. माझ्या स्वतःच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ५१व्या वर्षी झालं आणि लायसन्सचं नूतनीकरण नेमकं त्याच महिन्यात आलं. त्यात माझी जी फजिती झाली ती गावभर झाली, त्यामुळे डोळे आणि लायसन्स असा जोडप्रश्न असला की लोक सरळ माझ्याकडेच येतात. मी डॉक्टर नाही. डोळ्याचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. कागद कधी आणि कुठल्या क्रमाने काढायचा, तेवढं मी सांगतो.

लायसन्ससाठी डोळे तपासतात म्हणजे नेमकं काय तपासतात?

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता येतो. फॉर्ममध्ये त्या तक्त्याचा उल्लेखही नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली दोन फॉर्म आहेत. फॉर्म १ तुम्ही स्वतः भरायचा, तो तुमचा शब्द. फॉर्म १-ए डॉक्टरांनी भरायचा. तो लागतो ४० वर्षं पूर्ण झालेल्यांना, आणि टॅक्सी, ट्रक, बस अशी धंद्याची गाडी चालवणाऱ्याला वय काहीही असो.

दोन्हींत नजरेचा मुख्य प्रश्न एकच: चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचा नंबर ओळखता येतो का? चष्मा असेल तर चष्मा लावून. त्यानंतर लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, आणि रातांधळेपणा आहे का. बस. १-एच्या शेवटी डॉक्टर लिहून देतात की मी या माणसाला स्वतः तपासलं आणि दूरच्या नजरेकडे नि ऐकण्याकडे विशेष लक्ष दिलं. त्या वाक्याखाली सही किती सहज होते ते मी रोज पाहतो. त्याबद्दल पुढे.

२५ मीटर म्हणजे किती? घरी बघता येईल का?

येईल, आणि कुठल्याही दवाखान्यात जायच्या आधी बघाच. सुताराची पाच मीटरची टेप घ्या, रस्त्याच्या कडेने पाच वेळा टाका आणि खडूने रेघ मारा. टेप नसेल तर साधारण तेहतीस-चौतीस पावलं, किंवा लहान मोटारी एकीला एक लावून उभ्या केल्या तर सहा. आमच्या दुकानाच्या पायरीपासून समोरच्या वडापावच्या गाड्यापर्यंत बरोबर २५ भरतं. तिथे मी रंगाची रेघ मारून ठेवलीय, दर पावसाळ्यात ती अर्धी पुसते.

लोक तीन चुका करतात. पहिली, स्कूटरचा नंबर वाचत बसतात. दुचाकीच्या प्लेटवरची अक्षरं मोटारीच्या मानाने बरीच लहान असतात, ती नाही दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. फॉर्ममध्ये मोटार म्हटलंय, मोटारच घ्या. दुसरी, भाड्याच्या गाडीसमोर उभे राहतात. गोव्यात काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या गल्लोगल्ली असतात, पण सरावाला पांढऱ्यावर काळी अक्षरंच बरी. तिसरी, आणि सगळ्यात जास्त होणारी: दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचतात आणि खूश होतात. फॉर्ममधला शब्द ‘प्रत्येक डोळ्याने’ असा आहे. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि मग वाचा. ऑपरेशन ताजं असेल तर त्या डोळ्याला हातच लावू नका. चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवा.

डॉक्टरांच्या कागदावर ६/१२ लिहिलंय. पास होईन का?

काठावर आहात. ६/१२ म्हणजे धड नजरेला १२ मीटरवरून जे वाचता येतं ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचता येतं. याचा हिशेब मी एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मांडला होता. मोटारीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड. दवाखान्यातल्या तक्त्यावर ६/६च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच २५ मीटरवरून दिसायला अक्षर सुमारे ३६ मिलिमीटरचं लागेल. प्लेटवरचं अक्षर त्याच्या पावणेदोनपटीहून थोडं मोठं आहे. म्हणजे ६/९वाला आरामात वाचेल, ६/१२वाला डोळे बारीक करून कधी वाचेल कधी चुकेल, आणि ६/१८वाल्याने आधी चष्म्याचा नंबर काढून यावं.

हा माझा हिशेब आहे, कायद्याचा आकडा नाही. पण रेघेवर उभं केलेल्या लोकांच्या बाबतीत तो बराच जुळतो. ८ आणि ३, बी आणि ८, शून्य आणि डी या जोड्या ६/१२ला गोंधळ घालतात.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किती दिवसांनी सर्टिफिकेट घ्यावं?

आता माझी फजिती सांगतो.

माझं फेको झालं, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन. डोळ्यात घडीची लेन्स बसली, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि भिंतीवरचं कॅलेंडर कोपऱ्यातल्या तिथीसकट दिसायला लागलं. वीस वर्षं नाकावर बसलेला उणे चारचा चष्मा मी काढून कपाटात टाकला. अठराव्या दिवशी एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसा असंही म्हटलं नाही. फोटो चिकटवलेला १-ए घेतला, अर्धी सही फोटोवर नि अर्धी कागदावर केली, शिक्का मारला. दोन मिनिटं. मी आनंदात अर्ज घेऊन आरटीओत गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, माझ्या डोळ्यातली लाली पाहिली आणि विचारलं, “ऑपरेशन झालं?” हो म्हटलं. त्या उठल्या, मला खिडकीशी नेलं आणि खाली उभी असलेली पांढरी मोटार दाखवली. नंबर वाचला, अगदी टकाटक. मग त्यांनी हातातली पुठ्ठ्याची फाईल, लाल नाडी लोंबत असलेली, माझ्या उजव्या डोळ्यापुढे धरली. “आता डाव्याने.” डाव्याला नुसती एक पांढरी पट्टी दिसली आणि तिच्यावर मुंग्यांसारखं काहीतरी. डाव्या डोळ्याचा नंबर उणे साडेतीन, आणि चष्मा कपाटात! कागदावर मात्र ‘दिसतं’ असं शिक्क्यासकट लिहिलेलं.

बाईंचं काही चुकलं नाही. माझा क्रम चुकला. फेको केल्यावर डोळ्याचा नंबर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, औषधाचे थेंबही तेवढेच दिवस चालतात. टाके घातलेलं मोठं ऑपरेशन असेल तर त्याहून जास्त. त्याआधी काढलेला चष्मा वाया जातो आणि त्याआधी घेतलेलं सर्टिफिकेट खोटं ठरू शकतं. तेव्हा आधी डॉक्टरांनी थेंब थांबवू द्यात, मग चष्म्याचा नंबर, मग चष्मा हातात, मग रेघ, आणि त्यानंतर १-ए. उलटं केलंत तर माझ्यासारखं खिडकीशी उभं राहाल.

एकाच डोळ्याचं झालंय, दुसरा अजून बाकी आहे आणि लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय.

घाई करू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो आणि त्या काळात पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. मात्र संपल्यावर पूर्वी जी ३० दिवसांची सवलत मिळायची ती गेली. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवायची नाही; वर्षभर वेळ आहे तो अर्जासाठी, गाडीसाठी नव्हे. हा फरक मी दिवसातून चार वेळा समजावतो.

ऑपरेशनची तारीख ठरली की लायसन्सची तारीख बघा. मुदत सहा-आठ महिन्यांवर असेल आणि नजर आज ठीक असेल तर आधीच नूतनीकरण करून टाकणारेही आहेत. मला ते पटत नाही. मोतीबिंदू पिकायला लागलेल्या डोळ्याने काढलेला कागद पाकिटात राहतो, डोळा तर रस्त्यावर असतो.

दोन ऑपरेशनांमधल्या काळाची आणखी एक अडचण आहे, ती दवाखान्यात फारशी कोणी बोलत नाही. एका डोळ्याचा नंबर शून्य आणि दुसऱ्याचा उणे पाच झाला की चष्म्याने दोन्ही जुळत नाहीत, चित्रं लहानमोठी दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. मी त्या काळात घरच्या तीन पायऱ्या उतरताना भिंत धरायचो. फेरीबोटीच्या उतारावर स्कूटर घालायची हिंमत केली नाही. डॉक्टरांना सांगितलंत तर कधी ते दुसऱ्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स देतात, कधी दुसरं ऑपरेशन लवकर घेतात.

डोळ्यात लेन्स टाकली की चष्मा सुटतो ना? मग चष्म्यासह फोटो का?

साधी लेन्स टाकली असेल तर बहुधा दूरचं बरं दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. लायसन्सचा संबंध दूरच्या नजरेशी. दूरचाही बारीक नंबर राहिला असेल तर तो चष्मा लावून प्लेट वाचलीत तरी चालतं. पण मग गाडी चालवतानाही तो नाकावर हवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नव्हे. फोटोचं म्हणाल तर तो काढणाऱ्याचं ऐका; काचेवर चमक आली की काढायला लावतात.

लॅसिक करून चष्मा घालवला. दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसतंय. लगेच टेस्ट देऊ?

लॅसिकनंतर एक-दोन दिवसांत नजर सुधारते हे खरं. पीआरके केलं असेल, म्हणजे वरचा पापुद्रा काढून लेसर मारलं असेल, तर आठवडा-दोन आठवडे धूसर जातात. दोन्हींत डोळे काही महिने कोरडे पडतात आणि संध्याकाळी नजर सकाळपेक्षा कमी होते. म्हणून रेघेवरची परीक्षा एकदा सकाळी आणि एकदा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून झाल्यावर, पण उजेड असताना, अशी दोनदा घ्या. दोन्ही वेळा जमलं तर या.

ही पोरं वयाने लहान असल्याने त्यांना बहुधा १-ए लागत नाही, फॉर्म १ वर स्वतःची सही पुरते. तेव्हा चाचपणीही स्वतःच करायची.

लेन्स भारीची, मल्टिफोकल टाकलीय. दिवसा झकास, पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. सर्टिफिकेट मिळेल?

मिळेल. प्रश्न दिवसाउजेडीचा आहे आणि दिवसा तुम्ही झकास वाचता. पण तुमचा प्रश्न सर्टिफिकेटचा नाहीच.

मल्टिफोकल लेन्स उजेड वाटून घेते, थोडा जवळच्यासाठी, थोडा लांबच्यासाठी. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत त्याची सवय होते, काहींना होत नाही. आता यावर गोव्यातला जुलै ठेवा: डांबर ओलं, समोरून येणाऱ्या गाडीचे पांढरेशुभ्र एलईडी, ते रस्त्यावर उलटे पडलेले, काचेवर वायपर, आणि कडेने छत्री नसलेला माणूस काळ्या रेनकोटात चाललेला. अशा रात्री डिचोलीहून साखळीला जाणं चष्मा न लागणाऱ्यालाही जड जातं. धंद्याने रात्री गाडी चालवायची असेल तर लेन्स निवडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, “मी रात्री गाडी चालवतो.” हे एक वाक्य ऑपरेशनच्या आधी बोललेलं फुकट पडत नाही. नंतर बोलून लेन्स बदलत नाही कोणी सहजासहजी.

ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, आता पुन्हा धूसर दिसतंय. मोतीबिंदू परत आला का?

मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू काही जणांत गढूळ होते. यॅग लेसरने काही मिनिटांत तिथे खिडकी पाडतात, टाका नाही की पट्टी नाही. नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी हे करून घ्या. रेघेवर नापास होऊन माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण यातले असतात आणि ‘आता वय झालं’ म्हणून उगाच गाडी विकायला निघालेले असतात.

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आत गॅस सोडलाय.

तर सध्या लायसन्स विसरा. गॅसचा फुगा डोळ्यात असेपर्यंत त्या डोळ्याला पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं. फुगा हळूहळू आकसतो तशी वरून एक आडवी हलती रेघ खाली येते, गवंड्याच्या लेव्हलमधल्या पाण्यासारखी. गॅसच्या प्रकारानुसार दोन-तीन आठवड्यांपासून सहा-आठ आठवड्यांपर्यंत हे चालतं. विमानप्रवास बंद, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आमच्या भागात घाटाचं विसरायचं नाही. उत्तर गोव्यातली बरीच माणसं दवाखान्यासाठी बेळगावला जातात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतला गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. ऑपरेशन करून घाट उतरून आलात, आणि तपासणीला चोर्ला घाटातून पुन्हा वर निघालात, तर आधी फोन करून डॉक्टरांना विचारा.

काहींना गॅसऐवजी सिलिकॉन तेल घालतात. ते असेपर्यंत चष्म्याचा नंबर भलताच बदललेला असतो आणि तेल काढल्यावर पुन्हा बदलतो. त्यामुळे तेल काढेपर्यंत नवा चष्मा नको आणि १-ए पण नको.

काचबिंदूचं ऑपरेशन झालंय. प्लेट तर नीट वाचता येते.

काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं, जातं ते बाजूचं. २५ मीटरवरचा नंबर तुम्ही वाचाल आणि गल्लीतून आलेली स्कूटर तुम्हाला दिसणार नाही. ऑपरेशन डोळ्याचा दाब उतरवतं, गेलेली नजर परत आणत नाही. तुमच्याकडे फील्ड टेस्टचे कागद असतील, काळे-पांढरे ठिपके असलेले. ते घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा की गाडी चालवू का, आणि १-ए त्यांच्याचकडून घ्या. गल्लीतल्या साध्या दवाखान्यात याची तपासणी होऊ शकत नाही.

डोळ्यात मांस वाढलं होतं, ते काढलं.

टेरिजियम. उन्हावाऱ्यात, समुद्रावर काम करणाऱ्यांत जास्त. बुबुळावर चढलं की बुबुळाचा गोलवा बिघडवतं आणि तिरपा नंबर देतं, काढल्यावर तो नंबर बदलतो. महिना-दोन महिने थांबा, चष्मा तपासा, मग या.

बुबुळ बदललंय.

इथे आठवड्यांत बोलू नका. टाके निघेपर्यंत नंबर बदलत राहतो, वर्षही जातं.

लाल-हिरव्याचं काय? ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात.

मोतीबिंदू पिवळट असतो, तो निघाला की जग काही दिवस निळसर दिसतं. माझ्या बायकोची साडी मी आयुष्यभर करडी समजत होतो, ती निळी निघाली. याचा लाल-हिरव्याच्या प्रश्नाशी संबंध नाही. जन्मापासून रंगांचा गोंधळ असेल तर ती वेगळी गोष्ट. त्याबाबत २०२०मध्ये नियम बदलले आणि सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळायला लागलं, तीव्र असेल तर नाही.

एकच डोळा चांगला राहिलाय. लायसन्स गेलं म्हणायचं?

लगेच नाही. फॉर्म १ मध्ये सवलत लिहिलेली आहे. तुमच्याकडे किमान ५ वर्षं लायसन्स होतं, त्यानंतर एका डोळ्याची नजर गेली, आणि अर्ज हलक्या खाजगी गाडीसाठी आहे जिला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा आहे, तर एका डोळ्याने प्लेट वाचलेली चालते. धंद्याच्या गाडीला ही सवलत नाही.

कागदाबाहेरचं सांगायचं तर, एका डोळ्याची सवय व्हायला महिने लागतात. आधी मोकळ्या मैदानात, दिवसा, शेजारी कोणी बसवून.

मी टॅक्सी चालवतो. मी पायलट आहे. आम्हाला काय वेगळं?

मुदत ५ वर्षांची आणि दर वेळी १-ए, वय २५ असलं तरी. पायलट म्हणजे आमचे मोटारसायकल टॅक्सीवाले. गोव्याबाहेरच्यांना हे सांगितल्याशिवाय कळत नाही, विमान डोळ्यांपुढे येतं. मागे बसलेला माणूस तुमच्या डोळ्यांवर विसंबून बसलेला असतो, तेव्हा ऑपरेशननंतर डॉक्टरांना धंद्याचं स्वरूप सांगून मगच परत रस्त्यावर या. हंगाम बुडतो म्हणून पर्यटकांच्या डिसेंबरात ऑपरेशन पुढे ढकलणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा जूनमध्ये उरकून घ्या, धंदाही थंड असतो. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि पाऊस ऐन भरात, तेव्हा जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस घरात काढायची तयारी मात्र ठेवा.

आता नूतनीकरण केलं तर किती वर्षांचं मिळेल?

खाजगी गाडीसाठी वयावर आहे. तिशीच्या आतल्याला चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मधल्याला १० वर्षं, ५० ते ५५ मधल्याला साठीपर्यंत, त्यापुढे ५-५ वर्षं. मला साठीपर्यंत मिळालं.

१-एवर कुठल्या डॉक्टरची सही चालते?

नोंदणीकृत डॉक्टरची, नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवाच. सही फोटोवरून कागदावर आलेली असावी, नुसती फोटोखाली केली की परत पाठवतात. डोळ्यांचेच डॉक्टर हवेत असं नाही, पण ऑपरेशन झालं असेल तर ज्यांनी ते केलं त्यांच्याकडूनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा जिल्हा इस्पितळात ऑपरेशन झालं असेल तर शेवटच्या तपासणीच्या दिवशी कोरा १-ए, फोटो चिकटवून, सोबत न्या आणि विचारा. त्यासाठी वेगळी खेप नको. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केलेली असेल तर त्या दिवशी स्कूटर चालवत घरी येऊ नका. चार-सहा तास चकचकतं. सोबत माणूस न्या किंवा कदंबाच्या बसने या.

ऑपरेशन झालंय हे फॉर्ममध्ये सांगितलं नाही तर?

फॉर्ममध्ये ‘ऑपरेशन झालं का’ असा सरळ प्रश्न नाही. दिसतं का, असा आहे. दिसत असेल तर लपवण्यासारखं काही उरत नाही. दिसत नसताना हो लिहिलंत तर ते तुमच्याच सहीने दिलेलं खोटं निवेदन झालं. शिवाय माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल तर कार्यालय केव्हाही नवं सर्टिफिकेट मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं, आणि शरीर धड नसताना गाडी चालवली तर कलम १८६ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम ऐकून लोक हसतात. अपघात झाल्यावर ऑपरेशनचे कागद कोर्टात निघतात तेव्हा हसू येत नाही.

स्कूटर आणि हेल्मेट कधीपासून?

डॉक्टर सांगतील तेव्हा. हेल्मेट डोक्यावरून ओढताना कड डोळ्याला लागू शकते हे मात्र त्यांना विचारा, ते बहुधा विसरतात. खाणीच्या रस्त्यावरची धूळ आणि चतुर्थीच्या आधीची वारा-पावसाची झोड यांत हेल्मेटची काच खाली, शिवाय आत साधा चष्मा. मी अजून तसाच जातो.

वडील ७६ वर्षांचे. मोतीबिंदू पिकलाय, गाडी सोडत नाहीत. कसं सांगू?

सांगू नका. रेघेवर न्या.

माझ्या सासऱ्यांचीच गोष्ट. पेडण्याहून स्वतः मारुती हाकत आले आणि मला म्हणाले, “पात्रांव, कागद भर.” मी त्यांना पायरीवर उभं केलं आणि समोर उभी असलेली त्यांचीच मारुती दाखवली. एक डोळा झाकून त्यांनी घडाघडा नंबर वाचला, दुसरा झाकून पुन्हा घडाघडा. मी खूश. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, “अहो, तो नंबर त्यांना सतरा वर्षं पाठ आहे.” मग शेजाऱ्याची गाडी त्याच जागी आणली. बराच वेळ उभे राहिले. नाकाजवळ हाताची दुर्बीण करून पाहिली. शेवटी म्हणाले, “ही गाडी कोणाची?”

परत जाताना गाडी माझा मुलगा घेऊन गेला. महिन्याभरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पावसाळ्यानंतर दुसऱ्याचं. सहा आठवडे थांबून, नवा चष्मा लावून ते परत त्याच पायरीवर आले आणि समोर उभ्या असलेल्या पिकअपचा नंबर वाचलाच, वर मागच्या फळीवर रंगवलेलं देवाचं नावही वाचलं. लायसन्स ५ वर्षांचं मिळालं. चावी मात्र रोज संध्याकाळी सातनंतर सासूबाईंच्या कमरेला असते.